मिचोआकानची खोटी नोंद

३ मार्च, सोमवार

शाळांसाठीच्या पुस्तकाचं प्रूफ आलं. पान एक उघडलं. 'लेखन : मंदार' आणि पुढे आडनाव, ठळक टायपात. खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'साहाय्य : कंटेंट टीम'.

टीम म्हणजे मी. एकटी.

शहाण्णव पानं. आठ महिने. मिचोआकान नावाचं राज्य मेक्सिकोत नेमकं कुठे येतं हे या माणसाला मी नकाशावर बोट ठेवून दाखवलं होतं. डोंगर, तळी, नद्या मी लिहिल्या. इतिहास मी लिहिला. शेवटचं रेडिओ-टीव्हीचं प्रकरण लिहायला तर पन्नाशीला टेकलेली बाई स्पॅनिश शिकली. त्याचं स्वतःचं योगदान काय, तर मुखपृष्ठावर फुलपाखरू. "ताई, मोनार्क इथून उडत तिथे जातं ना, कॅनडाची मुलं लगेच कनेक्ट होतील." झालं. एवढ्यावर लेखक.

वॉशरूममध्ये जाऊन दोनदा तोंड धुतलं. रडले बिडले नाही. पेपर टॉवेल मात्र नीट फाटेना.

आजपासून वहीत तो फक्त मं. अख्खं नाव लिहायची इच्छा नाही.

४ मार्च

सकाळीच त्याच्या केबिनमध्ये गेले. सरळ म्हटलं, "अरे मंदार, पान एकवर चूक झाली आहे."

उठून दार लावलं त्याने. तेव्हाच समजायला हवं होतं.

"चूक नाही ताई. सिरीजची पॉलिसी आहे, लीडचं नाव जातं. तुमची पोझिशन असिस्टंटची आहे ना."

"तुर्कस्तानच्या पुस्तकावर असिस्टंटचंच नाव आहे."

"ती पर्मनंट होती. तुम्ही काँट्रॅक्टवर." मग आवाज एकदम मऊ, साय आल्यासारखा. "आणि ताई, तुम्ही तर आपल्या. तुम्ही समजून घ्याल."

आपल्या! परक्याचं नाव खाताना हात कापतो, आपल्याचं खाताना ढेकरही येत नाही का रे?

नागपूरला चौदा वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला. इथे आल्यावर तीन वर्षं ग्रोसरीच्या बेकरी काउंटरमागे पावांवर तारखांची लेबलं चिकटवली. हे पुस्तक म्हणजे या देशात मी केलेलं पहिलं काम, जे कुणाच्या हातात देऊन 'हे माझं' म्हणता आलं असतं.

घरी शिरीषला सांगितलं. नवरा म्हणतो, "कायले डोकं लावतेस? करणाऱ्याला माहीत असतं कुणी केलं ते." करणाऱ्याला माहीत असून काय उपयोग बाप्पा? वाचणाऱ्याला कळायला नको?

मं.ला आजपासून अहो-जाहो. अरे-तुरे आपल्या माणसाशी असतं.

६ मार्च, गुरुवार

बसमध्ये सुचलं. शेपर्ड रस्त्याच्या सिग्नलला. एवढं हसू आलं की शेजारच्या बाईने मोबाईल खाली करून बघितलं माझ्याकडे.

खोटी नोंद!

हेलनबाईंचा जुना नियम. कंपनी त्यांची, वय सत्तरच्या पुढे, पण अजून प्रत्येक पुस्तक स्वतः प्रेसला सोडतात. नियम असा की दर पुस्तकात एक नोंद खोटी घालायची. छोटी, निरुपद्रवी, कुणाचं काही बिघडणार नाही अशी. दुसऱ्या कंपनीने आपलं पुस्तक उचललं की ती खोटी नोंदही त्यांच्याकडे जाते आणि चोर सापडतो. नोंद कुठली ते लिहिणाराच ठरवतो. प्रेसच्या आदल्या दिवसापर्यंत कुणाला सांगायचं नाही. मग रजिस्टरमध्ये एक ओळ भरायची. पुस्तक, पान, खोटी नोंद, लिहिणाऱ्याचं नाव. पहिल्या आठवड्यात हे ऐकलं तेव्हा मला कसंसंच झालं होतं. जन्मभर मुलांना खरं शिकवलं आणि आता एक खोटं मुद्दाम लिहा?

लिहिलं. रेडिओच्या प्रकरणात मोठा तक्ता आहे, राज्यातली लहानमोठी स्टेशनं. त्यात पॅसिफिकच्या किनाऱ्यावर एक वाडी घातली, सांता पेत्रा. अशी वाडी नाही. तिथे एक रेडिओ घातला, दुपारी दोन तास मासेमारांना वारा आणि लाटा सांगणारा. असा रेडिओ नाही.

आणि मं.ला यातलं काहीच माहीत नाही. कारण त्याने पुस्तक वाचलेलंच नाही!

मंगळवारी, ८ एप्रिलला पुस्तक प्रेसला. त्याआधी हेलनबाई विचारणारच, मंदार, आपलं खोटं कुठलं? आणि लेखकमहाशय काय सांगणार? ते तोंड मला बघायचं आहे. पुढच्या रांगेत बसून बघायचं आहे.

तीन दिवसांनी आज नीट जेवले. वरण-भात, दोनदा तूप.

११ मार्च

मं.ने गाडी फायर रूटवर, आगीच्या बंबाच्या वाटेवर, लावली होती. पार्किंगवाला दंडाच्या वहीसकट येताना मी खिडकीतून बघितला. फोन हातातच होता. चहा प्यायले. अख्खा कप.

दुपारी रोसाबरोबर डबा. रोसा आमच्या ऑफिसच्या टॉवरमध्ये साफसफाई करते. ती मिचोआकानचीच, वरच्या थंड पठारावरच्या गावची. घरची भाषा पुरेपेचा, स्पॅनिश शाळेत शिकलेली, इंग्लिश इथे. आठ महिने जेवणाच्या सुट्टीत ती मला स्पॅनिश देते, मी तिला इंग्लिश. मला 'माएस्त्रा' म्हणते, म्हणजे शिकवणाऱ्या बाई. नागपूर सोडल्यावर मला बाई म्हणणारी ही एकटीच.

तिची आई एउलालिया गावात रेडिओ चालवते. चार बायका मिळून, मक्याच्या कोठारात. पहाटे कुणाची गाय हरवली ते सांगतात, कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या पोराचा कॅनडाहून निरोप आला, सगळं पुरेपेचात. रोसाच्या फोनवरून मी म्हातारीशी तीनदा बोलले. तिसऱ्यांदा तिने मलाच विचारलं, तुझ्या गावात गाय हरवली तर काय करतात? मी म्हटलं, ओरडतात. खूप हसली.

तिचा रेडिओ तक्त्यात आहे. पान ८९. परवाना अजून नाही, अर्ज पडून आहे. छापील पुस्तकात नाव आलं की ते पान अर्जाला जोडायचं आहे तिला.

रोसा : "पुस्तक कधी, माएस्त्रा?" म्हटलं, एप्रिल संपता संपता.

१७ मार्च, सोमवार

मासा गळाला आला. मं. माझ्या डेस्कपाशी, हातात पुण्याहून आलेल्या आंबा बर्फीचा डबा.

"ताई, ते रजिस्टरचं राहिलंय. कुठली नोंद ठेवलीय आपण?"

"आपण?"

"म्हणजे तुम्ही."

"छे हो. मी साहाय्य. नोंद लेखक ठरवतो. तुम्हालाच माहीत असणार."

चेहरा बर्फीपेक्षा पिवळा झाला. "ताई, चेष्टा नका करू हां." मी म्हटलं, चेष्टा कशाची, पॉलिसी आहे.

बर्फी खाल्ली. तीन तुकडे. बर्फीवर कसला राग?

२० मार्च

मं. पुस्तक वाचतोय!! आठ महिन्यांत पहिल्यांदा. हायलायटर घेऊन, परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या पोरासारखा. दर अर्ध्या तासाला काचेतून माझ्याकडे बघतो.

"ताई, मक्याच्या शेतातून ज्वालामुखी वर आला हे खरं का?"

"तुम्ही लिहिलंय म्हणजे खरंच असेल."

"आणि लाव्हात गाव गाडलं गेलं, चर्चचा मनोरा तेवढा बाहेर?"

"वा, छान लिहिलंय."

अ‍ॅझ्टेकांना पुरेपेचा लोकांनी कधी जिंकू दिलं नाही, हे त्याला सगळ्यात खोटं वाटलं. तास घालवला त्यावर. शेवटी निघालं खरंच. पाट्स्क्वारोच्या तळ्यातली बेटं खरी, तांबं ठोकणाऱ्यांचं गाव खरं, फुलपाखरांचं जंगल तर काय, मुखपृष्ठच त्याचं. असं करत करत रेडिओपर्यंत आला आणि अडकला. छोट्या स्टेशनांचं नेटवर नावगाव नसतं. मी नोंद तिथेच का घातली होती मग?

जाता जाता म्हणतो, "ते मासेमारांना हवामान सांगणारं स्टेशन फार ऑथेंटिक उतरलंय हं, ताई." गाल आतून दाताखाली धरले. अजून दुखतंय.

इराला, लेकीला, फोनवर सगळं सांगितलं. ग्वेल्फला युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर असते. म्हणाली, "आई, जस्ट टेल हेलन. व्हाय द ड्रामा?" तिला कसं सांगू. तक्रार केली तर काय मिळणार? 'आम्ही चौकशी करू' असं छान मेल. माझं काँट्रॅक्ट एप्रिलअखेर संपतं, पुढचं मं.च्या शेऱ्यावर. आणि खरं सांगायचं, मला न्याय नकोच आहे. मला त्याची फजिती हवी आहे. चारचौघांत.

"दॅट्स काइंडा पेटी," म्हणाली. म्हणजे क्षुद्रपणा. असू दे पेटी.

२५ मार्च, मंगळवार

नवीन प्रूफ. पान ८९.

एउलालियाची ओळ नाही.

दोनदा वर-खाली बघितलं. नाही. त्याच्या जागी राज्याच्या पूर्वेकडचं एक नवीन स्टेशन, फुलपाखरांच्या आगमनाच्या रोज बातम्या देणारं. हे कुठून आलं? मी लिहिलेलं नाही!

मग पेटली ट्यूब. बेट्याने डोकं चालवलं. सगळ्यात अविश्वसनीय वाटेल ती नोंद माझं खोटं असणार असं धरलं, ती काढली आणि स्वतःचं खोटं घातलं. म्हणजे आता हेलनबाईंनी विचारलं की उत्तर तयार. हरवलेली गाय रेडिओवर सांगणाऱ्या बायका याला अशक्य वाटल्या. फुलपाखरांचं बातमीपत्र शक्य वाटलं!

आधी जाम हसले. डेस्कखाली डोकं घालून. कारण सांता पेत्रा तिथेच आहे, जशीच्या तशी, त्याच्या नावाच्या पुस्तकात. रजिस्टरमध्ये एक खोटं लिहिलेलं असेल आणि पुस्तकात दोन असतील. न नोंदवलेलं खोटं म्हणजे हेलनबाईंच्या दृष्टीने थेट गुन्हा, यावरून माणसं घरी गेली आहेत. पुस्तक छापून येऊ दे. शाळांत जाऊ दे. मग एक मेल, दोन ओळींचं. नाव पान एकवर त्याचंच आहे, ठळक. हवं होतं ना? घे.

हे आधीच्यापेक्षा कितीतरी छान झालं. मी काही न करता.

जेवणाच्या सुट्टीत रोसा डबा घेऊन आली. मी म्हटलं, आज काम आहे.

२७ मार्च

आज पण रोसाला टाळलं. वॉशरूमला जायला चौथ्या मजल्यावर गेले. स्वतःचीच चीड येते. तिला काय तोंड दाखवू? पण मी नाही काढली ती ओळ. मी नाही काढली. मं.ने काढली.

सांगितलं तर पंधरा मिनिटांत परत येईल ती ओळ. सांगायचं फक्त एवढंच, 'ती खरी आहे.' पण मग तो विचारणार, खोटी कुठली? आणि नाही सांगितलं तरी त्याला कळणार की अजून एक आहे आत. सावध होणार. सगळा तक्ता उपटेल. माझ्या हातात राहिलेलं एकच हत्यार, ते पण गेलं.

नाही. परवाना काय, आजवर नव्हताच. वर्षभराने दुसरी आवृत्ती निघेल, तेव्हा घालू म्हातारीला.

हे लिहिलं आणि वाईट वाटलं. पण खोडणार नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

घरी छोटी गुढी, बाल्कनीत. कडुलिंब इंडियन ग्रोसरीतला, फ्रोझन. दुपारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला हॉलवर. जायचं नव्हतं, शिरीषने नाव दिलं होतं.

लिहू का नको.

लिहिते. सूत्रसंचालिका माइकवर : "मेक्सिकोवर पुस्तक लिहिणारा आपला मराठी माणूस!" मं. उठला. सिल्कचा कुर्ता, हात जोडून. शाल-श्रीफळ. आणि ताट धरायला कोण? समितीच्या बाईने माझ्याच हातात दिलं. "वैजयंतीताई, तुम्ही एकाच ऑफिसात ना? तुम्हीच धरा, फोटो छान येईल."

धरलं मी ते ताट. नारळ, शाल, फुलं. त्याने नारळ उचलला तेव्हा डोळ्याला डोळा नाही भिडवला.

भाषणात म्हणाला, "आमच्या वैजूताईंची टायपिंगमध्ये फार मदत झाली."

टायपिंग!

ताट त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. खरंच. स्टीलचं होतं, जड. शंभर माणसं टाळ्या वाजवत होती आणि मी ताट धरून उभी. शिरीषची मान खाली. गाडीत बसल्यावर म्हणाला, "हलकट आहे साला." लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्याच्या तोंडून शिवी दुसऱ्यांदा ऐकली. बरं वाटलं.

ठरलं. दया नाही. छापू दे. ज्या हॉलमध्ये शाल घेतली, त्याच हॉलमध्ये त्याची बातमी पोचवीन.

१ एप्रिल, मंगळवार

रोसाने लिफ्टपाशी गाठलंच. रागावली असेल वाटलं, तर खुशीत. फोन काढला. आईने कालच्या सकाळच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलंय.

लिफ्टच्या बाजूच्या बाकावर बसून ऐकलं, एक एक इयरफोन कानात घालून. आधी कोंबडा आरवला, खराखुरा, कोठाराबाहेरचा. मग एउलालियाचा आवाज. पुरेपेचात, मला कळत नाही, रोसा सांगत होती. गावकऱ्यांनो, कॅनडात एक बाई आहे. लांबच्या भारत देशाची. तिने आपल्या राज्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय, आपले डोंगर, आपलं तळं, आपले जुने राजे. आणि त्यात आपला हा रेडिओ लिहिलाय. आणि मग माझं नाव. आडवंतिडवं, पण पूर्ण. नावानंतर 'माएस्त्रा'.

रोसा म्हणाली, शाळेत पण लावलं म्हणे हे.

माझ्या पुस्तकाची लेखिका म्हणून माझं नाव आजवर जगात एकदाच जाहीर झालं. एका कोठारातून. आणि त्याच कोठाराची ओळ त्या पुस्तकातून काढलेली आहे आणि मी आठवडाभर गप्प आहे, का, तर मला मं.चं तोंड बघायचंय.

"माएस्त्रा, रडताय?"

म्हटलं, हो. काय खोटं बोलणार.

तिला ओळीचं नाही सांगितलं. हिंमत झाली नाही.

२ एप्रिल

शिरीषशी भांडण. तो म्हणाला सांगून टाक मं.ला, ओळ परत घे आणि विषय संपव. "तू त्याच्या मागे लागून त्या म्हातारीले कायले चिरडून राहिली?" बोलायला सोपं आहे. याचं नाव कुणी खाल्लं नाही. पोळ्या करताना लाटणं आपटलं, एक पोळी चौकोनी झाली, ती त्यालाच वाढली.

पण बरोबर बोलला. हे त्याला सांगणार नाही.

ओळ परत येणार. हे नक्की. पण फुकट नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

केबिनमध्ये गेले. या वेळी दार मीच लावलं.

"पान ८९. तुम्ही काढलेली ओळ खरी आहे."

"कुठली?" म्हणाला. मग बघत राहिला. "ती गायवाली?"

"ती गायवाली. तो रेडिओ रोज सकाळी चालू असतो. आपल्या मजल्याचा केर काढते ना रोसा, तिची आई चालवते. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. ऐकवू?"

ऐकवलं. कोंबडा, म्हातारी, सगळं. माझं नाव आलं तिथे त्याने मान खाली घातली. मी आवाज वाढवला.

मग हळूच, "म्हणजे तुमची खोटी नोंद अजून आत आहे."

"आहे."

"कुठली?"

"एउलालियाची ओळ आधी परत. तिचा यात काही संबंध नाही. तुमचं फुलपाखराचं स्टेशन बाहेर. आणि पान एक बदला. मग सांगते."

"ताई, पान एक माझ्या एकट्याच्या हातात नाही."

"नाव घालताना होतं."

मग तो रडकुंडीला आला. ईएमआय, बायको, दोन मुलं, प्रमोशन, सगळं बाहेर काढलं. हेलनला त्याने सहा महिन्यांपूर्वीच सांगितलंय की पुस्तक तो स्वतः लिहितोय. आता कसं फिरवणार? "तुम्ही मोठ्या आहात ताई, सांभाळून घ्या ना." एक क्षण, खरं लिहायचं तर, वाईट वाटलं. अडतिसाचा आहे, माझ्या धाकट्या भावाएवढा. मग ते ताट आठवलं. टायपिंग आठवलं. गेलं वाईट वाटणं.

"आणि नाही बदललं तर?"

"तर छापा. तुमच्या नावाने. एक खोटं आत ठेवून. हेलनबाईंना मी नंतर भेटेन."

"तुम्ही असं कराल? मुलांच्या पुस्तकात?"

हे मात्र लागलं. चौदा वर्षांची मास्तरीण मधेच जागी झाली. नसलेली वाडी कुठल्यातरी मुलाच्या नकाशात जाईल, तो बोट ठेवून शोधत बसेल. पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. म्हटलं, "सोमवारपर्यंत विचार करा. तुम्हीच म्हणता ना, आपली माणसं समजून घेतात."

बाहेर आले. पाणी प्यायले. रोसाला शोधून काढलं आणि ओळ कशी गेली ते सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तुला माहीत होतं? किती दिवस?"

"दहा."

हातमोजे काढले, खिशात ठेवले, निघून गेली.

५ एप्रिल, शनिवार

रोसाला दोन मेसेज. उत्तर नाही.

इराचा फोन. म्हटलं, तू म्हणत होतीस ना पेटी. ती म्हणाली, "आय डिडन्ट मीन यू शुड स्टॉप, आई." हसलो दोघी. मग ती मराठीत म्हणाली, "तुझं नाव हवंच मला त्या पुस्तकावर." फार दिवसांनी ती सबंध वाक्य मराठीत बोलली.

७ एप्रिल, सोमवार

उद्या दहाला प्रेस.

सकाळपासून मं.चं दार बंद. जेवणाच्या सुट्टीत एकटीच. साडेतीनला नवीन प्रूफ आलं.

आधी पान ८९. एउलालियाची ओळ परत आली आहे. गावाचं नाव, चार बायका, मक्याचं कोठार, हरवलेली गाय, शब्दन् शब्द माझा. फुलपाखराचं स्टेशन गेलं. सांता पेत्रा आहेच, दुपारी दोन तास. ते पान छापून घेतलं, खाली लॉबीत जाऊन रोसाच्या हातात दिलं. तिने उभ्याउभ्या वाचलं. बोट ठेवून, हळूहळू, इंग्लिशमध्ये. मग घडी करून एप्रनच्या खिशात घातलं. "आईला पाठवते," एवढंच म्हणाली. माएस्त्रा म्हणाली नाही. मी पण मागितलं नाही.

वर आले. पान एक उघडलं.

मंदार. ठळक. तसाच.

आणि त्याचं मेल. 'ताई, ओळ घातली आहे. रजिस्टर तुम्हीच भरा प्लीज, खोटी नोंद तुम्हालाच माहीत आहे. पान एकचं हेलनशी उद्या सकाळी बोलतो, प्रॉमिस.' खाली रजिस्टरची लिंक. ही फाइल हेलनबाई रोज सकाळी आल्या आल्या बघतात, हे याला माहीत आहे का? असावं. नसावं. घाबरलेला माणूस आहे.

म्हणजे बघा. नोंद मी आज सांगायची आणि नाव तो उद्या बोलणार. आठ महिने ओळखते मी या उद्याला.

फाइल उघडली. आमच्या पुस्तकाची ओळ पूर्ण कोरी. शिरीष घ्यायला आला होता, खाली गाडीत बसून हॉर्न देत होता. म्हटलं पाच मिनिटं थांब.

'लिहिणाऱ्याचं नाव' या रकान्यात माझं नाव लिहिलं. आधी नुसतं. मग माहेरचं-सासरचं सगळं घालून. मग एम.ए., भूगोल, नागपूर. मग एम.ए. काढलं, जागा पुरेना. सेव्ह केलं.

खोट्या नोंदीचा रकाना रिकामा ठेवला आहे. हेलनबाई साडेआठला येतात. मी आठलाच जाऊन बसणार आहे. विचारू दे त्यांना खोटं कुठलं ते, आधी त्याला, मग मला.